शॉर्टस्टॉपची चूक

लंडन, ऑन्टॅरिओ
२४ मे २००९

प्रिय अनुपदादा,

तुझ्या क्लबचा पत्ता इथल्या ऑफिसातल्या वेळापत्रकावरून घेतला. उमामावशीला विचारला असता तर तिने आधी तुझी खुशाली मला विचारली असती, आणि ती मला माहीत नव्हती.

बातमी एवढीच की या मोसमापासून मी इथल्या बेसबॉल क्लबची अधिकृत स्कोअरर आहे. हॉस्पिटलातली नोकरी सुरूच आहे; दिवसा किरणोपचाराच्या यंत्रांची मोजमापं तपासते. हे काम संध्याकाळचं, फक्त घरच्या मैदानावरच्या सामन्यांचं. दोन उन्हाळे मी जुन्या स्कोअररच्या हाताखाली बसत होते. आता त्यांचे डोळे साथ देत नाहीत.

आईला नागपूरला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं मी क्रिकेटचा धावफलक लिहिते. मग समजावलं: फलंदाजाने मारलेला चेंडू क्षेत्ररक्षकाला अडवता आला नाही, तर तो चांगला फटका धरायचा की क्षेत्ररक्षकाची चूक, हे मी ठरवायचं. फटका धरला तर पुढच्या धावा पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, माथी. चूक धरली तर पिचर सुटला, क्षेत्ररक्षक अडकला. आई म्हणाली, "म्हणजे दोष कुणाचा ते तू सांगणार?" मी म्हटलं, हो. म्हणाली, "मग तुला शोभेल."

आता मुद्द्याचं. ऑगस्टमध्ये तुमचा संघ इथे येतोय. तू माझा मावसभाऊ आहेस हे इथे कुणाला माहीत नाही. क्लबचं ऑफिस चालवणाऱ्या रॉजरने मला विचारलं होतं, लीगमध्ये कुणी नात्यातलं खेळतं का. मी नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर हे काम तुझ्या ओळखीने मिळालं असं झालं असतं, आणि ते तसं मिळालेलं नाही. आडनावं वेगळी आहेत, त्यामुळे प्रश्न येणार नाही. तेव्हा मैदानावर आलास की वर प्रेस बॉक्सकडे बघून हात करू नकोस. तुला यात वाईट वाटण्यासारखं काही नाही असं धरून चालते.

कस्तुरी

७ जून २००९
(क्वेबेकमधून, बसमध्ये)

कस्तुरीबाई,

पत्र! स्टॅम्प लावलेलं! क्लबहाऊसमध्ये सगळे विचारत होते, अनुप, तुला कोर्टाचं समन्स आलं का.

मराठीत लिहायला मजा येतेय. आमचा शॉर्टस्टॉप डेरिक बसमध्ये कायम माझ्या शेजारी बसतो आणि खांद्यावरून सगळं वाचतो. आत्ताही बघतोय. म्हणतो, तुमची अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात. चांगला मुलगा आहे, सस्काटूनचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहतो आणि माझे अर्धे वाईट चेंडू तोच निस्तरतो. जुलैत त्याला मुलगी होणार आहे, त्यामुळे दर स्टॉपला फोन करायला पळतो.

स्कोअरर झालीस, काँग्रॅट्स. मला ते बेसमेंटमधले दिवस आठवले. तू नागपूरहून नवीनच आलेली, बाहेर मायनस वीस, आणि मी तुला टीव्हीवर जुन्या मॅचेस दाखवायचो. सगळे होम रन बघायचे, तू विचारायचीस, "पण त्याने पाय आधी का उचलला?"

हात करणार नाही. ओळखही दाखवणार नाही. वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण खरं सांगू, तुझा काही दोष नाही. स्कारबरोला गणपतीत कुणी विचारलं की आई म्हणते, "अनुप ना, स्पोर्ट्समध्ये आहे," आणि पटकन प्रसाद पुढे करते. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडणारा मी आपल्यात एकटाच.

मी एकतीस वर्षांचा आहे. मोठ्या क्लबच्या खालच्या टीम्समध्ये सहा वर्षं काढली, वर कधी बोलावलं नाही. आता इथे. ऑगस्टअखेर मॅनेजर आकडे बघून ठरवणार, पुढच्या वर्षी कोण राहणार. दुसरं मला काही येत नाही, त्यामुळे राहायचंय.

लोक विचारतात, रोज कुणाला तरी हरवायला निघायचं, वैताग नाही येत? त्यांना वाटतं समोर बॅट घेऊन उभा असतो तो माझा दुश्मन. उलट आहे ग. आई माझ्याशी गोड बोलते, बाबा बोलतच नाहीत, मॅनेजर अर्धं बोलतो. माझ्या चेंडूबद्दल संपूर्ण खरं सांगणारा तो एकटाच माणूस. चेंडू चांगला असेल तर तो मान खाली घालून परत जातो. वाईट असेल तर तसं सांगतो, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. इतकं सरळ मला दुसऱ्या कुठल्याही कामात कुणी सांगितलं नसतं.

डेरिक विचारतोय, एवढं काय लिहितोस. ग्रोसरी लिस्ट म्हणालो.

तुझा,
अनुपदादा

लंडन
२६ जुलै २००९

प्रिय अनुपदादा,

राखी सोबत आहे. पौर्णिमा पाच तारखेला आहे आणि सात तारखेला तुम्ही इथे खेळताय, पण मला भेटता येणार नाही, म्हणून पोस्टाने. साधी आहे, लाल दोरा आणि मधे एक मणी. गेल्या वर्षीच्या चमकीने तुला पुरळ आलं होतं.

तुझं फलंदाजाबद्दलचं म्हणणं दोनदा वाचलं. छान आहे, पण अचूक नाही. फलंदाज नशिबानेही मारतो. चांगला चेंडू बॅटच्या कडेला लागून सुटतो, वाईट चेंडू सरळ कुणाच्या तरी हातात जातो. तो खरं सांगत नाही, फक्त काहीतरी घडवतो. त्यातलं खरं काय ते कुणीतरी बाजूला बसून बघावं लागतं. म्हणून तर स्कोअरर असतो.

डेरिकला मुलगी झाली का?

कस्तुरी

९ ऑगस्ट २००९
(परतीच्या वाटेवर)

कस्तुरी,

मुलगी झाली. फोटो दाखवून दाखवून मळलाय.

राखी बांधूनच मैदानात आलो होतो. पाहिलं असशील, अंपायरने काढायला लावली. पिचरच्या मनगटावर काही चालत नाही, फलंदाजाचं लक्ष जातं म्हणे. खिशात ठेवली.

जे विचारायचं नव्हतं ते विचारतो. आठवा डाव. आम्ही दोन धावांनी पुढे, तुमचे दोन बाद, तिन्ही बेसवर तुमचा एकेक खेळाडू. फलंदाजाने मारलेला चेंडू जमिनीवरून डेरिककडे गेला आणि त्याच्या ग्लोव्हवरून मागे गेला. दोन धावा झाल्या. मी मागे बोर्डाकडे बघितलं तर तिथे चूक लागली होती. एरर, शॉर्टस्टॉप. पुढच्याला मी होम रन दिला आणि आम्ही हरलो.

डेरिकची चूक झाली नसती तर डाव तिथेच संपला असता, म्हणून त्यातली एकही धाव माझ्या नावावर नाही. माझे आकडे सुंदर दिसतायत. मॅनेजरने पाठ थोपटली. म्हणाला, तुझ्याकडून तू डाव संपवला होतास.

माझ्या जागेवरून मला तो चेंडू वेगळा दिसला. पण मी वळून धावत होतो. तू वर होतीस. तुला खरंच चूक दिसली का? की मला वाचवलंस? वाचवलं असशील तर थँक यू म्हणायला हवं, आणि मघापासून मला ते म्हणता येत नाहीये.

अनुपदादा

लंडन
१४ ऑगस्ट २००९

प्रिय अनुपदादा,

नियम असा आहे: क्षेत्ररक्षकाला साधारण प्रयत्नात जो चेंडू अडवता आला असता तो सुटला, तर चूक. साधारण म्हणजे या लीगमधल्या, त्या जागेवरच्या सरासरी खेळाडूचा प्रयत्न. चेंडू फार वेगाने आला नव्हता. डेरिक त्याच्या रेषेत होता. त्याला बाजूला झेपावं लागलं नाही. ग्लोव्ह वेळेत खाली गेला होता. चेंडूला ग्लोव्हचा स्पर्श झाला. या सगळ्याचा विचार करून निर्णय दिला.

मैदान त्या संध्याकाळी कोरडं होतं. उजेड पुरेसा होता. माझ्या बसण्याच्या जागेवरून शॉर्टस्टॉपकडे मधे काही आडवं येत नाही.

खेळाडूंना मी एरवी कारणं देत नाही. तू विचारलंस म्हणून दिली. निर्णय बदलायचा असेल तर स्कोअररला एक दिवसाची मुदत असते. ती संपली आहे. त्यानंतर फक्त लीगचं ऑफिस बदलू शकतं, आणि त्यासाठी क्लबने तक्रार करावी लागते. तुमच्या क्लबने केलेली नाही.

मावशीला फोन कर. तिचा गुडघा दुखतोय.

कस्तुरी

१९ ऑगस्ट २००९

कस्तुरी,

तुझं पत्र वाचलं. छान आहे, पण अचूक नाही.

चेंडू गवताच्या कडेवर पडला, जिथे गवत संपून माती सुरू होते. तिथून तो उसळला. तुझ्या पत्रात उजेड आहे, रेषा आहे, ग्लोव्ह आहे. ती उसळी नाही. तू यंत्रं तपासणारी बाई आहेस ग. तुझ्याकडून एखादी गोष्ट राहून जात नाही, तू ती मुद्दाम बाहेर ठेवतेस.

इथे काय झालं ते सांगतो. त्या मॅचनंतर मॅनेजर सगळ्यांसमोर डेरिकवर ओरडला. "बाप झालास म्हणून पाय जड झाले का?" कुणी हसलं पण. तेव्हापासून डेरिक बाहेर बसतोय. त्याच्या जागी दुसरा. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येतो आणि भिंतीवर चेंडू मारून अडवत बसतो. बसमध्ये मला विचारतो, "मॅन, मी वाकलो होतो ना? तू तर जवळ होतास. मी कुठे चुकलो?"

मी काय म्हटलं माहितीये? "होतं रे असं."

बारा दिवस तेच म्हणतोय. एकतीस वर्षांचा घोडा. तुला मोठं तत्त्वज्ञान लिहून पाठवलं होतं ना मी, समोरचा खरं सांगतो वगैरे? त्या फलंदाजाने मला खरं सांगितलं होतं. चेंडू खाली जायला हवा होता, वर राहिला, म्हणून त्याला तेवढा जोरात मारता आला. तू ते पुसलंस. आणि मी पुसू दिलं, कारण ऑगस्टअखेर जवळ आलाय.

आज मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, तो हिट होता, क्लबने तक्रार करावी. तो माझ्याकडे बघतच राहिला. "स्कोअररने तुला फुकट सोडलंय. तुला काय खुपतंय?" मी म्हटलं, खुपतंय. म्हणाला, जा, झोप.

नातं सांगितलं नाही. ते तुझं आहे. सांगायचं तर तू सांग.

अनुप

लंडन
२८ ऑगस्ट २००९

अनुपदादा,

तुला उशिरा लिहितेय, कारण आधी काय करायचं ते करून मग लिहावं असं ठरवलं.

उसळी मी पाहिली होती. कागदावर फटका म्हणून खूण केली होती. मग ती खोडली.

का खोडली ते तुझ्या अंदाजापेक्षा वाईट आहे. पहिल्यांदा तू माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर, आलास तेव्हा अंपायरने तुझ्या मनगटाकडे बोट दाखवलं. प्रेस बॉक्समधून सगळं दिसतं. आमचा निवेदक केन दुर्बीण लावून म्हणाला, "बघा बघा, म्हाताऱ्याला गर्लफ्रेंडने फ्रेंडशिप ब्रेसलेट दिलंय." सगळे हसले. मग तो माझ्याकडे वळला. "तुमच्याकडचं असतं का ग हे काही?" मी म्हटलं, "काय माहीत." आणि मीही हसले. मोठ्याने नाही. पण हसले.

तू दोरा सोडवत होतास. गाठ मारलेली होती, दातांनी सोडवलीस. मग घडी करून मागच्या खिशात ठेवलीस. मी तेवढा वेळ पेन्सिलीला टोक करत होते.

त्यानंतर तो चेंडू आला. केनने विचारलं, "काय देऊ?" मी कागदावरची खूण खोडली आणि म्हटलं, "एरर. शॉर्टस्टॉप."

म्हणजे मी तुला वाचवलं नाही. मला माझं बरं वाटून घ्यायचं होतं, आणि ते मी एका माणसाच्या अंगावर टाकून घेतलं. त्याच्या मुलीबद्दल मी तुला पत्रात विचारलं होतं. चौदा तारखेचं ते पत्र मी तीन वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी उसळीचं वाक्य यायचं आणि प्रत्येक वेळी मी ते काढायची.

सोमवारी रॉजरकडे गेले. तो जेवत होता. मी उभ्यानेच सांगितलं की निर्णय चुकीचा होता, जाणूनबुजून दिला होता, आणि तो पिचर माझा मावसभाऊ आहे.

तो म्हणाला, "कझिन? मग एवढं काय? माझे चाळीस आहेत. अर्ध्यांची नावं मला येत नाहीत."

मी म्हटलं, "मी त्याला राखी बांधते. तो भाऊच आहे. केन जिला हसला ती राखी मीच पाठवली होती."

त्याने सँडविच खाली ठेवलं. मग म्हणाला, "तू आमच्याकडची सगळ्यात चांगली स्कोअरर होतीस. तुझ्याशी मी कधी वाद घातला नाही, कारण वाद घालण्यात अर्थ नसायचा. आता तुझे या वर्षीचे सगळे निर्णय मला परत बघावे लागणार." तो रागावला असता तर बरं झालं असतं.

लीगने काल निर्णय बदलला. डेरिकची चूक काढली आहे. त्या डावातल्या सगळ्या धावा तुझ्या नावावर आल्या आहेत. तुझ्या आकड्यांचं काय झालं ते मी मोजलं आहे, पण इथे लिहीत नाही. वेळही नेमकी तुमच्या निवडीच्या आठवड्यातली. हे मी आठ तारखेला केलं असतं तर निदान तुला पुढचे तीन आठवडे ते भरून काढता आले असते.

स्कोअररचं काम गेलं. जायलाच हवं होतं.

माफी मागत नाही, कारण तू लगेच देशील.

कस्तुरी

२ सप्टेंबर २००९

कस्तुरी,

लगेच देणार नव्हतो. राग आहे. त्या एररचा नाही, त्याचा फायदा मी पण बारा दिवस घेतला. राग त्या नियमाच्या पत्राचा आहे. ते वाचून मला दोन मिनिटं वाटलं, खरंच माझीच नजर चुकली असेल. आणि ब्रेसलेटचं तू सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं, असंही एकदा वाटलं. मग वाटलं, नाही, सांगितलंस ते ठीक.

मॅनेजरने काल बोलावलं. पुढच्या वर्षी मी नाही. हा मोसम संपेपर्यंत ठेवतोय, कारण दुसऱ्या दोन पिचरांचे खांदे गेलेत. आकड्यांमुळे की वयामुळे, विचारलं नाही.

डेरिक परत खेळतोय. त्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं मिठी मारेल. बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता. शेवटी म्हणाला, "तुझ्या बहिणीला मी ओळखत नाही. तू माझ्या शेजारी बसून होतास." पुढच्या स्टॉपला बॅग उचलून तो पुढच्या सीटवर गेला.

बरोबर बोलला. चेंडू वर राहिला की असंच सांगतात.

शेवटची मॅच लंडनलाच आहे, सोमवारी, लेबर डेला. आई येणार म्हणतेय, पहिल्यांदाच. तिला ४०१ हायवेवर एकटीने ड्राइव्ह करायची भीती वाटते, तर तू जाऊन घेऊन ये. आणि या वेळी खाली बस, लोकांत.

दादा

लंडन
८ सप्टेंबर २००९

प्रिय अनुपदादा,

काल तुमची बस लगेच निघाली, म्हणून भेट झाली नाही. मावशीने तुझ्यासाठी आणलेला डबा तुमच्या ड्रायव्हरकडे दिला. मिळाला असेल.

आम्ही तिसऱ्या बेसच्या बाजूला, साध्या बाकांवर बसलो होतो. वर माझ्या जागेवर एक तरुण मुलगा होता. त्याचे दोन निर्णय मला पटले नाहीत.

सातव्या डावात तू आलास. पहिले दोन चेंडू बरे होते. मग एकामागून एक तीन फटके बसले, सगळे स्वच्छ. कुणालाही काही ठरवावं लागलं नाही. आमच्या मागे एक जाडा माणूस शेंगा खात होता, तो उठून ओरडला, "अरे काढा त्याला! संपलाय तो!"

मी मैदानाकडे बघत राहिले. मावशी मात्र गुडघा धरून सावकाश मागे वळली. तिने सणासुदीला नेसायची ती काठापदराची साडी नेसली होती आणि वरून तुझं जुनं जॅकेट घातलं होतं. म्हणाली, "ही इज माय सन. यू आर राइट. ही इज व्हेरी टायर्ड."

तो माणूस इतका ओशाळला की शेंगांची पिशवी पुढे करायला लागला. मावशीने दोन घेतल्या. त्याने तुझं वय विचारलं, गाव विचारलं. मावशी सगळं सांगत होती, बारावीत शेजाऱ्यांची जी खिडकी तू फोडलीस तिथपासून. स्पोर्ट्समध्ये आहे असं नाही म्हणाली. पिचर म्हणाली.

मग त्याने माझ्याकडे बोट करून विचारलं, "आणि ही? ही पण घरचीच?"

मी उत्तर देणार होते. रॉजरला सांगितलं होतं, लीगला लेखी दिलं होतं, याला सांगायला काय लागतं. पण माझ्या आधी मावशी म्हणाली, "नो, नो. शी इज फ्रॉम द हॉस्पिटल. शी जस्ट गेव्ह मी अ राइड."

एवढं सहज. घासामधे पाणी प्यावं तसं. मे महिन्यात मीच तिला फोनवर सांगितलं होतं, लंडनमध्ये कुणी विचारलं तर माझं नाव अनुपदादाशी जोडू नकोस. का, ते तिने तेव्हा विचारलं नव्हतं. "बरं," म्हणाली होती. ती ते पाळत होती. मला सांभाळत होती.

मी त्या माणसाला म्हटलं, मी त्याची बहीण आहे. तो मावशीकडे बघायला लागला, कुणाचं खरं धरावं कळेना. मावशी मला हळूच म्हणाली, "अगं, चालेल का तुला?"

चालेल का, असं तिने मला विचारलं, दादा. तेवढ्यात खाली मॅनेजर तुला काढायला चालत निघाला होता, आणि मी उभी राहून तुला हात केला.

तुझी,
कस्तुरी